निर्णय किती वाजता झाला?

सरकारी रुग्णालयांकडून दर महिन्याला आरोग्य खात्याकडे एक लांबलचक तक्ता जातो. महिन्यात किती बाळंतपणे झाली, किती सिझेरियन झाली, हे त्यात असते. सिझेरियनपैकी किती रात्री आठ ते सकाळी आठ या वेळात झाली, असाही एक रकाना आहे. बाळाचे वजन अडीच किलोपेक्षा कमी होते का, जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजले का, तेही विचारलेले असते. इतके सगळे विचारणाऱ्या या तक्त्यात एक प्रश्न मात्र नाही. डॉक्टरांनी "आता सिझर करावेच लागेल" असे ठरवले ती वेळ आणि मूल प्रत्यक्ष बाहेर आले ती वेळ, या दोहोंत किती मिनिटे गेली?

हा आकडा प्रत्येक रुग्णालयाने नोंदवला पाहिजे आणि लोकांसमोर मांडला पाहिजे, एवढीच या लेखाची मागणी आहे. मागणी छोटी दिसते. तिला विरोध का होतो, हे पाहिले की ती किती मोठी आहे ते कळते.

आधी ही मिनिटे कशाची आहेत ते समजून घेऊ. सगळी सिझेरियन घाईची नसतात. बाळ आडवे आहे, आधीची दोन सिझर झालेली आहेत, अशा वेळी तारीख ठरवून, उपाशीपोटी दाखल होऊन, शांतपणे शस्त्रक्रिया होते. कळा सुरू आहेत पण बाळ खाली सरकत नाही, अशा बाईला थोडा वेळ थांबता येते. पण बाळाच्या आधी नाळच बाहेर आली, वार सुटून आत रक्त साचू लागले, जुन्या सिझरच्या व्रणावर पिशवी फाटली किंवा बाळाचे ठोके एकदम उतरले आणि वर येईनात, तर गोष्ट वेगळी होते. दबलेल्या नाळेतून रक्त जात नाही, म्हणजे बाळाला प्राणवायू नाही. पुरवठा पूर्ण तुटला तर मेंदूला कायमची इजा व्हायला काही मिनिटे पुरतात. त्यातून मूल वाचलेच, तरी काही मुले आयुष्यभराचे अपंगत्व घेऊन घरी येतात. वार सुटलेल्या किंवा पिशवी फाटलेल्या बाईच्या बाबतीत तर बाळ आणि आई दोघांचीही मिनिटे एकाच वेळी संपत असतात. आपल्या आजीच्या पिढीत अशा बाईला 'अडलेली' म्हणत आणि दाराबाहेर माणसे दुआ मागत बसत. आज ती रुग्णालयात असते. दाराबाहेरची माणसे मात्र अजून तशीच बसलेली असतात, कारण आत काय चालले आहे आणि उशीर कशाचा होतो आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही.

ब्रिटनमध्ये सिझेरियनच्या चार पायऱ्या मानतात. पहिली पायरी म्हणजे आईच्या किंवा बाळाच्या जिवाला तत्काळ धोका. दुसरी म्हणजे त्रास आहे, पण जीव या क्षणी धोक्यात नाही. तिसरी म्हणजे लवकर करायला हवे, चौथी म्हणजे सवडीने. तिथल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या पायरीतले बाळ शक्य तितक्या लवकर, आणि बहुतेक प्रसंगी निर्णयापासून 30 मिनिटांच्या आत बाहेर यावे. दुसऱ्या पायरीतले 75 मिनिटांच्या आत. अमेरिकेतही 30 मिनिटांचाच आकडा अनेक वर्षे चालत आला आहे. फरक एवढाच, की तिथले घड्याळ पोटाला सुरी लागली की थांबते आणि ब्रिटनमधले मूल जन्मल्यावर.

आता विरोध. आमच्या ओळखीतल्या एक-दोन डॉक्टरांशी हा विषय काढला, तर पहिले उत्तर ठरलेले असते: "तो तीस मिनिटांचा नियम शास्त्रीय नाही." हे उत्तर खोटे नाही, म्हणून ते नीट ऐकून घेतले पाहिजे. 2001 साली ऑक्सफर्डमधल्या एका मोठ्या रुग्णालयाचा वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाळ त्रासात आहे म्हणून केलेल्या सिझेरियनची सरासरी तिथे 43 मिनिटांच्या घरात होती. ऑक्सफर्डमध्ये ही अवस्था! इंग्लंड आणि वेल्समधल्या 17 हजारांवर बाळंतपणांच्या पाहणीत, जिचा अहवाल 2004 मध्ये आला, असे दिसले की पाऊण तास, तास, सव्वा तासापर्यंतच्या अंतराने बाळांच्या प्रकृतीत मोठा फरक पडलेला नव्हता. 75 मिनिटांनंतर मात्र आई आणि बाळ दोघांच्याही अडचणी वाढलेल्या होत्या. अमेरिकेतल्या अभ्यासात तातडीच्या सिझेरियनपैकी सुमारे 65 टक्केच अर्ध्या तासाच्या आत सुरू झाली होती आणि उशिरा झालेल्यांतली बहुसंख्य बाळे ठणठणीत होती. लवकर काढलेली बाळेच कधी कधी जास्त आजारी आढळतात, आणि ते साहजिक आहे. ज्या बाळाची अवस्था सर्वांत वाईट, त्याच्यासाठीच सगळे धावतात.

घाईचीही किंमत असते. घाईत पाठीच्या कण्यातले इंजेक्शन सोडून पूर्ण भूल द्यावी लागते, आणि गरोदर बाईच्या श्वासनलिकेत नळी घालणे इतरांपेक्षा अवघड असते. घाईत मूत्राशयाला इजा होऊ शकते, बाळाला सुरी लागू शकते. म्हणजे एकतिसाव्या मिनिटाला मूल जन्मले म्हणून डॉक्टर गुन्हेगार ठरत नाही आणि एकोणतिसाव्या मिनिटाला जन्मले म्हणून तो देवमाणूसही ठरत नाही. हे सगळे मान्य.

पण या युक्तिवादाचा शेवट कुठे होतो पाहा. ऑक्सफर्डच्या डॉक्टरांना आपली सरासरी 43 मिनिटे आहे हे कळले, कारण त्यांनी वेळ लिहून ठेवली होती. नियम शास्त्रीय नाही हे सिद्ध करण्यासाठीसुद्धा आधी घड्याळाकडे पाहावे लागले. आमच्याकडे तोच निष्कर्ष आयता उचलून घड्याळच भिंतीवरून उतरवून ठेवायचे, असा प्रकार चालतो. ब्रिटनमध्ये 30 मिनिटे ही जीवन-मरणाची रेषा नाही, ती रुग्णालयाची परीक्षा आहे: तुमची माणसे, तुमची खोली, तुमचे रक्त, तुमचा निरोप वेळेवर पोचतो का? या परीक्षेत कमी गुण मिळणे समजू शकते. परीक्षेलाच न बसणे कसे समजून घ्यायचे?

दुसरे उत्तर असते कोर्टकचेरीचे. वेळ लिहिली की नातेवाईक तोच कागद घेऊन ग्राहक आयोगात जातील. ही भीती खरी आहे, डॉक्टरांना होणाऱ्या मारहाणीही खऱ्या आहेत आणि आम्ही त्यांचा निषेधच करतो. पण वेळ न लिहिल्याने डॉक्टर वाचतो, हा गैरसमज आहे. निर्णय 2 वाजून 10 मिनिटांनी, भूलतज्ज्ञांना फोन 2 वाजून 12 मिनिटांनी, ते पोचले 2 वाजून 50 मिनिटांनी, असा कागद असेल तर दोष बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरवर येत नाही. तो भूलतज्ज्ञाचे पद रिकामे ठेवणाऱ्यावर येतो. कोरा कागद नेमका त्यालाच वाचवतो. रुग्णालयात मार खाणारा निवासी डॉक्टर असतो, मंत्रालयात बसलेला सचिव नसतो.

तिसरे उत्तर म्हणजे, एवढ्या गर्दीत मिनिटांची नोंद कुणी ठेवायची? यावर हसावे की रडावे कळत नाही. याच महाराष्ट्रात मुहूर्त काढून सिझर करून घेण्याची पद्धत रूढ आहे. ज्योतिषाने 9 वाजून 42 मिनिटे सांगितली, तर खासगी रुग्णालय ती मिनिटे गाठून देते. ग्रहांसाठी मिनिट जुळते, मग ठोक्यांसाठी का जुळू नये?

ही मिनिटे जातात कुठे? डॉक्टरचा हात चालू लागल्यावर पोट उघडून मूल बाहेर यायला फारच थोडा वेळ लागतो. उरलेला सगळा वेळ शस्त्रक्रियेच्या आधी जातो.

समजा, भिवंडीतल्या लूम कामगाराची बायको आहे, तिसरे बाळंतपण, पहिले सिझर. मध्यरात्री कळा सुरू झाल्या. घराजवळच्या छोट्या नर्सिंग होमने कळांचे ड्रिप लावले. पहाटे बाळाचे ठोके उतरले. डॉक्टर म्हणाले सिझर करावे लागेल. इथून घड्याळ सुरू होते. नर्सिंग होमला स्वतःचा भूलतज्ज्ञ नाही. छोट्या खासगी रुग्णालयांना तो परवडतच नाही, म्हणून एकच भूलतज्ज्ञ चार-पाच ठिकाणी जातो. तो त्या वेळी दुसरीकडे टेबलाशी उभा आहे. ऑपरेशन थिएटरची चावी ज्या वॉर्डबॉयकडे आहे तो खाली झोपला आहे. रक्ताची पिशवी लागेल म्हणून नवऱ्याच्या भावाला नमुन्याची बाटली देऊन रक्तपेढीत पिटाळले, तिथे त्याला सांगितले की बदली रक्तदाता आणा. अर्ध्या तासाने ठरते की इथे जमणार नाही, ठाण्याला न्या. नवे रुग्णालय, नवी चिठ्ठी, पुन्हा तपासणी, पुन्हा निर्णय. आणि आता लक्ष द्या: ठाण्यातल्या रुग्णालयाच्या कागदावर निर्णयाची वेळ नव्याने सुरू होईल. तिथे पस्तीस मिनिटांत मूल जन्मले तर कागदावर सारे ठीक दिसेल. भिवंडीत आणि रस्त्यावर गेलेला दीड तास कुणाच्याच खात्यावर नाही. म्हणून मागणी फक्त 'निर्णय ते जन्म' एवढ्याची नको. पहिला निर्णय कुठे आणि कधी झाला, हे पाठवणीच्या चिठ्ठीवर लिहिलेच पाहिजे, आणि पुढच्या रुग्णालयाने घड्याळ तिथूनच मोजले पाहिजे.

यातली सर्वांत मोठी गळती भूलतज्ज्ञाची आहे. तालुक्याच्या पातळीवरच्या रुग्णालयाला 'प्रथम संदर्भ सेवा केंद्र' म्हणायचे तर तिथे चोवीस तास सिझेरियन, नवजात बाळाची काळजी आणि रक्तसाठा हवा, अशी सरकारचीच अट आहे. पण केंद्र सरकारच्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत सामुदायिक आरोग्य केंद्रांमध्ये तज्ज्ञ डॉक्टरांची तूट वर्षानुवर्षे 80 टक्क्यांच्या आसपास दिसते. एमबीबीएस डॉक्टरांना काही महिन्यांचे प्रशिक्षण देऊन बाळंतपणापुरती भूल देता यावी, अशी योजनाही सरकारने आणली. योजना चांगली होती. पण प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर पुढे जिथे सिझेरियन होतच नाही तिथे बदलून गेला, तर त्या प्रशिक्षणाचे काय लोणचे घालायचे? मासिक तक्त्यातला तो रात्रीच्या सिझेरियनचा रकाना आठवा. तो कुणीतरी विचार करूनच घातलेला आहे. नाळ काही दिवस पाहून बाहेर येत नाही. ज्या रुग्णालयात दिवसा सिझेरियन होतात आणि रात्री जवळजवळ होत नाहीत, तिथे रात्री बायका अडत नाहीत असे नव्हे, तिथे रात्री भूलतज्ज्ञ नसतो. सरकारला हे दिसते. मिनिटे विचारली तर त्याला उत्तरही द्यावे लागेल, म्हणून ती विचारली जात नाहीत.

अनामत रकमेचे थोडक्यात सांगतो, कारण ते वर्तमानपत्रांतून पुष्कळ आले आहे. 2025 च्या एप्रिलमध्ये पुण्यातल्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयावर, जुळी बाळे पोटात असलेल्या बाईकडे दहा लाखांची अनामत मागितल्याचा आरोप झाला. ती बाई दुसरीकडे बाळंत झाली आणि दगावली. आंदोलने झाली, चौकश्या झाल्या, आणि तातडीच्या रुग्णाकडून अनामत घेणार नाही असे त्या रुग्णालयाने जाहीर केले. पण हे जाहीर करायची वेळच का यावी? तातडीच्या रुग्णाला आधी उपचार, कागदपत्रे नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगून ठेवले आहे. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. सरकारी रुग्णालयात तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली 2011 पासून सिझेरियन, औषधे, रक्त आणि गाडी, सगळे मोफत आहे. 

आता सहीबद्दल. इथे बोट फक्त रुग्णालयाकडे दाखवून चालणार नाही.

"उसके मियाँ आ रहे हैं, थोड़ा रुको." हे वाक्य प्रसूतिकक्षाच्या दाराशी किती वेळा बोलले जाते, ते परिचारिकांना विचारा. नवरा कामावर, सासरा गावी, तोवर कागद तसाच. हे मुसलमानांतच घडते असे नाही. पाटलांच्या घरीही मोठ्या दिराला फोन जातोच. पण आपल्या वस्तीत ते घडते, म्हणून आपण आधी आपल्याशी बोलू. बाई वयाने सज्ञान आहे, शुद्धीवर आहे, तिला समजते आहे. अशा बाईच्या शस्त्रक्रियेला तिची स्वतःची सही लागते आणि तेवढीच पुरते. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समिरा कोहली खटल्यात हे अगदी स्पष्ट केले आहे. तिथे तर रुग्ण भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेतली होती, आणि न्यायालयाने ती संमती मानली नाही. सज्ञान, सक्षम व्यक्तीच्या वतीने दुसऱ्या कुणी संमती देण्याचा प्रश्नच येत नाही, असा त्या निकालाचा अर्थ आहे. बाई बेशुद्ध असेल, झटके येत असतील, संमती देऊ शकणारे जवळ कुणी नसेल आणि जीव धोक्यात असेल, तर डॉक्टर संमतीशिवायही सद्हेतूने उपचार करू शकतो. जुन्या दंडसंहितेत हे कलम 92 होते, नव्या भारतीय न्याय संहितेत ते कलम 30 आहे.

मग रुग्णालये नवऱ्याची सही का मागतात? कारण छापील नमुन्यात 'पती/पालक' अशी ओळ आहे. विशीतल्या-तिशीतल्या, दोन मुलांच्या आईला पालक! कायद्याने दिलेला अधिकार छापखान्याने काढून घेतला आणि कुणाच्या लक्षातही आले नाही. नातेवाइकांना माहिती द्यावी, त्यांनाही समजावून सांगावे, हे चांगले डॉक्टर करतातच. पण त्यांच्या सहीवाचून थिएटरचे दार उघडत नसेल, तर तो विलंब रुग्णालयाच्या खात्यावर लिहिला गेला पाहिजे. आणि सही करायला कचरणारी बाई असेल, "घरच्यांना विचारते" म्हणत असेल, तर त्याचे उत्तर तिच्या लहानपणापासून घरात तिचे मत कुणी विचारले का, या प्रश्नात आहे. आपल्या देहाबद्दलचा पहिला निर्णय बाईने ठोके पडत असताना घ्यावा, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. तो सराव आधीच्या नऊ महिन्यांत व्हायला हवा. सातव्या महिन्यात डॉक्टरांशी बोलताना ती स्वतः खुर्चीवर बसते, की तिच्या मागे उभी असलेली सासू बोलते, इथून सुरुवात आहे.

"बाईच भूलतज्ज्ञ हवी, बाईच डॉक्टर हवी" हाही हट्ट कधी कधी दाराशी येतो. ठरवलेल्या शस्त्रक्रियेत ही इच्छा रास्त आहे आणि रुग्णालयाने ती शक्य तितकी पाळावी. कुठल्याही धर्माच्या बाईला संकोच वाटू शकतो. पण नाळ बाहेर आलेली असताना हा मुद्दा काढणारा पुरुष धर्म सांगत नसतो, स्वतःची अडचण सांगत असतो. ज्यांना आधी मौलानांना विचारायचे असते, त्यांनी हेही विचारून घ्यावे की जिवावर बेतले असता निषिद्ध गोष्ट चालते, हे फिक्हमधले सर्वमान्य सूत्र आहे की नाही. आम्हाला त्यासाठी फिक्हची गरज वाटत नाही. नागरिक म्हणून तिला जगण्याचा हक्क आहे, एवढे पुरे आहे.

पण या टाळाटाळीच्या मुळाशी नुसते अज्ञान आहे, असे म्हणून हात झटकणारे सुशिक्षितही चुकतात. लोकांना सिझरची भीती वाटते, कारण त्यांना डॉक्टरांचा संशय येतो, आणि तो संशय हवेतून आलेला नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी रुग्णालयांमधल्या बाळंतपणांपैकी 47.4 टक्के सिझेरियन होती, सरकारी रुग्णालयांत 14.3 टक्के. महाराष्ट्रात सगळी मिळून 25.4 टक्के. खासगी रुग्णालयाच्या दारातून आत गेले की बाईची हाडे बदलत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितले, की एखाद्या लोकसंख्येत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेल्याने मातांचे आणि नवजात बाळांचे मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. म्हणजे सोयीची, बिलाची, सुट्टीच्या आधी उरकून टाकण्याची सिझर मोठ्या संख्येने होतात. अशी दहा सिझर पाहिलेल्या मोहल्ल्यात अकरावीला खरा धोका असतो, तेव्हा नवरा म्हणतो, "ये लोग तो सबको यही बोलते हैं." लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. इथे ती डॉक्टरांना सांगायला हवी.

त्यात नसबंदीची भीती मिसळते: पोट उघडले की विचारल्याशिवाय नळ्या बांधतील. त्यात बुरखा पाहून ऐकाव्या लागणाऱ्या टोमण्यांची भर पडते. मुंबईत 'सेहत' या संस्थेने मुस्लिम बायकांशी बोलून आरोग्यसेवेतल्या अशा वागणुकीचा अभ्यास केलेला आहे. "इतकी पोरे कशाला?" हे ज्या टेबलावर ऐकावे लागले, त्याच टेबलावर पुढच्या खेपेला विश्वासाने सही कशी होईल? सच्चर समितीने 2006 मध्ये लिहून ठेवले, की मोठ्या मुस्लिम वस्तीच्या मोठ्या गावांपैकी सुमारे 40 टक्के गावांत वैद्यकीय सुविधाच नाही. जिथे रुग्णालय नाही तिथे ते लांब असते, आणि जिथे आहे तिथे ते परके असते. या दोन्ही अंतरांची मिनिटे होतात.

म्हणूनच ही नोंद रुग्णाच्याही हिताची आहे आणि डॉक्टरांच्याही. 'धोका आहे, पहिली पायरी' असे लिहून निर्णयानंतर दोन तासांनी निवांत शस्त्रक्रिया झाली, तर एक तर धोका खोटा होता किंवा उशीर खरा होता. मिनिटांचा रकाना अनावश्यक सिझेरियनही उघडे पाडतो आणि रखडलेलेही. आज दोन्ही एकाच टक्केवारीत लपून जातात, आणि आपण "सिझर वाढली, सिझर वाढली" म्हणत बसतो.

कुणी म्हणेल, लोक खोट्या वेळा लिहितील, सुरी लागल्यावर निर्णयाची वेळ भरतील. काही ठिकाणी भरतीलच. पण संमतीपत्रावर वेळ असते, भूलतज्ज्ञाच्या कागदावर वेळ असते, थिएटरच्या नोंदवहीत असते, आणि फोनमध्ये तर असतेच. चार कागद एकाच खोट्यावर आणणे रोज जमत नाही. सध्या आपल्याकडे वेळ सविस्तर विचारली जाते ती बाई मेल्यावर. मातामृत्यूच्या चौकशीत ती केव्हा दाखल झाली, कुठून कुठे पाठवली, केव्हा गेली, सगळे लिहितात. महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे 33 मातामृत्यू, असा 2018-20 चा आकडा आहे. देशाच्या 97 पेक्षा तो पुष्कळ बरा आहे आणि त्याचे श्रेय परिचारिकांना आणि आशा कार्यकर्तींना द्यायलाच हवे. पण जी मेली नाही, जिचे मूल मेले किंवा अधू झाले, तिची वेळ विचारायला कुणीच येत नाही.

यासाठी कोट्यवधींची यंत्रे लागतील, अशी सबब कुणी सांगू नये म्हणून एक उदाहरण देतो. ब्रिस्टलच्या साउथमीड रुग्णालयात प्रसूतिकक्षातल्या सगळ्यांना, म्हणजे डॉक्टर, परिचारिका, भूलतज्ज्ञ सर्वांना, दरवर्षी एकत्र बसवून तातडीच्या प्रसंगांचा सराव द्यायला सुरुवात झाली. नाळ बाहेर आली तर कुणी कुठे उभे राहायचे, फोन कुणी करायचा, बाईला कसे झोपवायचे, बाळाचे डोके नाळेवरून हाताने उचलून कुणी धरायचे, मूत्राशय सलाईनने भरून नाळेवरचा दाब कसा कमी करायचा, कळांचे ड्रिप आधी कुणी बंद करायचे. सराव सुरू होण्याआधीच्या आणि नंतरच्या वर्षांची तुलना केली तेव्हा नाळ बाहेर आल्याचे कळल्यापासून जन्मापर्यंतचे मध्यम अंतर 25 मिनिटांवरून साडेचौदा मिनिटांवर आलेले होते. माणसे तीच होती. त्यांना फक्त आपापली जागा माहीत झाली होती. असा सराव मालेगावात, भिवंडीत, नंदुरबारात करायला काय लागते? दोन तास, एक बाहुली आणि भिंतीवरचे एक घड्याळ.

तोवर आपण स्वतः एक काम करू शकतो. माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहा, त्याला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. आपल्या तालुक्याच्या किंवा शहराच्या सरकारी रुग्णालयाला विचारा: गेल्या वर्षी तातडीची सिझेरियन किती झाली, प्रत्येकीत निर्णयाची वेळ, भूलतज्ज्ञ पोचल्याची वेळ आणि जन्माची वेळ काय होती, रात्री भूलतज्ज्ञ किती दिवस उपलब्ध नव्हता, रक्तसाठा केंद्र चालू आहे का, आणि संमतीपत्राचा कोरा नमुना द्यावा. रुग्णांची नावे मागू नका, त्यांची गरज नाही आणि तो त्यांचा खासगी भाग आहे. उत्तर तीस दिवसांत यावे लागते. "अशी नोंद ठेवली जात नाही" असे उत्तर आले तर ते टाकून देऊ नका, शिक्क्यासकट आमच्याकडे पाठवा. तालुकावार छापू.